मंडईतल्या दोन पेट्या

आजही कुठे पेटीचा सूर लागला, की ती घटना आठवते. आणि पेटीआधी डोळ्यांपुढे येते ती एक सायकल.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. गोरेगावकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दिवाळी सरली होती आणि गावोगावी मंडई भरत होती. आमच्याकडे मंडई म्हणजे जत्रा, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ आणि सोयरिकीची बोलणी, सगळं एकाच दिवशी. निम्मे शिपाई बंदोबस्तावर. अशा एका दुपारी एक शांत चेहऱ्याचे गृहस्थ ठाण्यात आले. त्यांनी तोंड उघडताच ठाणे अंमलदार उभाच राहिला. तो आवाज आम्ही साऱ्यांनी कॅसेटवर ऐकलेला. नामवंत गझलगायक! नवेगाव बांधचा तलाव पाहायला निघाले होते.

वाटेत फाट्यावर गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हरने डिकीतलं सामान एसटी थांब्याच्या ओट्यावर ठेवून चाक बदललं, तोवर गायकांनी टपरीवर चहा घेतला. पुढे गेल्यावर कळलं, हार्मोनियम नाही. परतले तर टपरी बंद.

"साब, वही चायवाला पेटी पे हाथ फेर रहा था," ड्रायव्हर ठासून म्हणाला.

"जुनी पेटी आहे, मिळाली तर बरं," गायक म्हणाले. "पण कोणाला मारू नका."

टपरीवाला लगतच्याच गावचा. आमची जीप त्याच्या दारात थांबली. अंगणात खाटा टाकलेल्या, त्यांवर पाहुणे. तो लगबगीने बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, कायले आलात ते मले ठावं नाही. मी येतो. पन जीपमंदी नोका बसवू. पोरीले पाहाले पाहुने आले आहेत."

संशयिताला असं मोकळं सोडायचं नसतं. पण पळणाऱ्याची नजर वाटा शोधते. याची पाहुण्यांवरून हलत नव्हती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मंडईच्या बंदोबस्ताचं बोलायचं आहे, ठाण्यात येऊन जा." आणि जीप वळवली. "गेला आता हातचा," हवालदार पुटपुटला.

तो आमच्या मागोमाग सायकलवर आला, घामाघूम.

"पेटीला हात लावला?"

"लावला. खोटं काऊन बोलू? अशी पेटी कधी पाह्यलीच नोती."

"टपरी का बंद केली?"

"पाहुने आले म्हून सांगावा आला. चहाचा गंज चुलीवर तसाच सोडून गेलो."

"मग पेटी नेली कोणी?"

"मले का मालूम! पन साहेब, चोरून नेली तं वाजवन कुठं? वाजली का साऱ्या गावाले आयकू जाते."

खरंच की! आणि त्या दिवशी पेटी वाजणार होती ती मंडईत. मी बंदोबस्तावरच्या शिपायाला वायरलेसवरून विचारलं. उत्तर आलं, "साहेब, इथं दोन पेट्या दिसून राहिल्या. पेटी वाजवनारा मास्तर एकच आहे."

गायकांना आणि टपरीवाल्याला घेऊन आम्ही मंडईत पोचलो तर दुसऱ्या पेटीवर झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढे फोडलेला नारळ. वाद्यांची पूजा झाल्याशिवाय दंडार उभी राहत नाही. मंडई भरवणाऱ्या गावच्या मंडळाचा म्होरक्या गोंधळून म्हणाला, "दंडारवाले फाट्यावर बसमधून उतरले. पाहुन्याले सामान उचलू द्याचं नाही, अशी आपली रीत. ओट्यावर वाजवाचं सामान होतं तेवढं आम्ही ट्रॅक्टरमंदी टाकलं." मास्तरांना वाटलं, दुसरी पेटी मंडळाची. मंडळाला वाटलं, मास्तरांनी दोन आणल्या. चोरी झालीच नव्हती; पाहुणचार तेवढा जास्त झाला होता.

गायकांनी पेटीवरचा हार काढू दिला नाही. पाहुण्यांचं मी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी टपरीवाल्याला आपल्या गाडीत शेजारी बसवलं, त्याच्या घरी गेले, खाटेवर बसून पेटी उघडली आणि दोन गझला गायल्या. मी कुंपणाशी उभा राहून ऐकलं. डोळे भरून आले, हे सांगायला लाज कसली? मुलाच्या बापाने मात्र त्यांना ओळखलंच नाही. "बुवाचा गळा बरा आहे," तो म्हणाला. "दंडारीत चालन." गायक खळखळून हसले.

टपरीवाल्याला जीपमध्ये घातलं असतं, तरी पेटी सापडलीच असती. पण मग दुसऱ्या दिवशी त्याला निर्दोष ठरवून काय उपयोग होता? पाहुणे तर उठून गेले असते. पुढे कोणाच्या दारात जीप नेण्याआधी घरात कोण आलेलं आहे, हे विचारायची मला सवयच लागली.

काही दिवसांनी तो पोरीची लग्नपत्रिका घेऊन ठाण्यात आला. दोन्ही हातांनी ती पुढे करत म्हणाला, "साहेब, आता जीप घेऊनच या. दारातच उभी करा."