लाखोरीतल्या चोरांची तोंडं

आमच्या जवाहरनगरच्या फॅक्टरी वसाहतीतल्या पक्षी पाहणाऱ्या मंडळींत माझा एकच नियम आहे: तलावावर तोंड बंद. लोक मला पाठीमागे हेडमास्तरीण म्हणतात, खुशाल म्हणोत. भर थंडीत पहाटे उठून तलावाकाठच्या उद्यानात जायचं आणि तिथे कुणीतरी कालच्या वांग्याच्या भाजीचा विषय काढायचा, मग माझं डोकं फिरणार नाही तर काय! अशा माझ्या गटात खालच्या क्वार्टरमधल्या सचिनने आपल्या आईला आणून उभं केलं.

सुलोचनाबाई दिघोरीच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकाकडे आलेल्या. आवाज असा, की त्या स्वयंपाकघरात बोलल्या तरी फॅक्टरीच्या बसमध्ये चढणाऱ्या सचिनने वळून पाहावं. मी नाहीच म्हणणार होते. पण त्यांनी आधी येण्याचं कारण सांगितलं.

त्यांच्याकडे धान कापायच्या आधीच बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, लाखोरी नावाची डाळ पेरून टाकतात. धान निघालं की तिचा कोवळा पाला वर येतो. तो खायला दर हिवाळ्यात गावच्या तलावावरून मोठमोठे पक्षी उतरतात, तेही उजाडायच्या आत. लग्न होऊन आल्यापासून सुलोचनाबाई शेताच्या कडेच्या धुऱ्यावर उभ्या राहून, थाळी बडवून त्यांना हाकलत आल्या होत्या. त्यांचा आवाज ओळखीचा, पंखांची फडफड ओळखीची. पण दिसली ती अंधारात उडून जाणारी पाठ. नंतर तर डोळ्यांनी तेवढंही दिसेना.

"जिंदगीभर चोर हाकलला बाई, पण चोराचं तोंड नाई पाह्यलं," त्या म्हणाल्या. "आता डोये भेटले, तं एकदा पाहू द्या."

मी चोर तिथल्या तिथे ओळखला. पट्टकादंब! हिमालय ओलांडून येणारा हंस, ज्याच्यासाठी आम्ही थंडीत कुडकुडतो, तो ह्या बाईने वर्षानुवर्षं थाळी बडवून पिटाळला होता. मला हसावं की रडावं कळेना. पण बाईला त्याचं तोंड दाखवायचंच, हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

पहिल्या रविवारी धुकं इतकं, की समोरचा बाकही दिसेना. दुसऱ्या रविवारी बदकं भरपूर, कादंब एकही नाही. सुलोचनाबाई मात्र पाणकोंबडीवरसुद्धा खूश. दुर्बीण डोळ्यांवरून काढायला तयार नाहीत आणि दिसेल त्याची खबर साऱ्या उद्यानाला देणार. मी डोळे वटारले की पदर तोंडाला लावत. तिसरा रविवार शेवटचा होता. लाखोरी राखायला घरी त्यांचे यजमान तुलारामजी एकटेच, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या लाखांदूरच्या एस.टी.ने गावी निघणार होत्या.

आणि त्या रविवारी ते आले! ऊन नुकतंच वर येत होतं आणि पलीकडच्या काठाला अख्खा थवा पाण्यात. मी दुर्बीण नीट करून सुलोचनाबाईंच्या हातात देणार, तेवढ्यात थवा पाण्यातून वर आला आणि उद्यानाच्या तारेपलीकडे, कुणाच्या तरी लाखोरीत डौलात शिरला.

"हाऽऽ! हुर्रर्र! हाऽऽऽ!"

सुलोचनाबाई दोन्ही हात वर करून तारेकडे धावल्या होत्या. थवा उठला. त्याच्यामागे बदकं उठली, बगळे उठले, तलाव रिकामा झाला. मी कपाळावर हात मारून घेतला. काय बोलणार होते देव जाणे, पण बाईंचं तोंड पाहिलं आणि राग गिळला. त्या स्वतःच्याच हातांकडे पाहत होत्या. हिरव्यात पक्षी उतरला की हे हात आपोआपच वर जातात, असं त्या पुटपुटल्या. मग नव्या डोळ्यांना पाणी आलं. मला भारी वाईट वाटलं.

सोमवारी निघताना मी माझी जुनी दुर्बीण त्यांच्या पिशवीत कोंबली. त्या नको नको म्हणत होत्या, मी रागावले, मग घेतली.

परवा पहाटे, उजाडता उजाडता फोन वाजला. मला आधी आवाजच ओळखू येईना. सुलोचनाबाई कुजबुजत होत्या! हा चमत्कार मी दोन्ही कानांनी ऐकला असता, पण फोन एकाच कानाला लागतो.

"ज्योत्सनाबाई, आले. बांधीत हायेत. मी धुऱ्याआड बसून पाहून राहिली."

मी अंथरुणात ताडकन उठून बसले. तोंड दिसलं का, मी विचारलं. मीसुद्धा कुजबुजतच होते, माझ्याच घरात.

"दिसलं जी. पांढरंशुभ्र डोकं अन् त्याच्यावर दोन काळ्या रेघा. लेकराले दिठ लागू नये म्हणून तीट लावते नं माय, तशा."

मागून तुलारामजी ओरडत होते, थाळी काहून वाजवून नाही राहिली म्हणून. फोनमधून पक्ष्यांचा गलकाही स्पष्ट ऐकू येत होता.

"कोन्या मायनं तीट लावून धाडलं जी त्याईले," त्या म्हणाल्या. "आता कसं हाकलू?"

येत्या रविवारी आमची सगळी मंडळी दिघोरीला निघाली आहे. तोंड बंद ठेवण्याचा नियम तिथे सुलोचनाबाई पाळायला लावणार आहेत, आणि त्यांनी पहिली ताकीद मलाच दिली आहे.