आत्या जीपमधून उतरेना

मला आयर्लंडच्या पुराणकथांचा नाद लागला आणि घरच्यांच्या कानांचा आराम संपला. चहाला तारा नावाची टेकडी, जेवताना समुद्रापलीकडची बेटं. तारा ही तिथल्या राजांची गादी. खऱ्या राजाचा पाय लागला की तिथला एक दगड मोठ्याने ओरडायचा म्हणे. आणि पश्चिमेच्या बेटावर कोणी म्हातारंच होत नाही. तिथे गेलेला एक जण थोड्याच वर्षांनी घोड्यावरून गावी परततो, तर इकडे शेकडो वर्षं उलटलेली, ओळखीचं कोणी उरलेलं नाही. खोगिरावरून घसरून त्याचा पाय जमिनीला लागतो आणि क्षणात तो जख्ख म्हातारा होतो.

ही गोष्ट मी आत्याला सांगितली, तीही नेमकी ती कल्याणला मुलाच्या फ्लॅटवर राहायला निघाली तेव्हा. फ्लॅट म्हणजे तसलंच बेट, असं मला म्हणायचं होतं. लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे, चूल फुंकायला नको. मी बेटाचं कौतुक करत बसलो आणि आत्याने परतीचा भाग तेवढा लक्षात ठेवला.

भाताची झोडणी उरकून गेलेली आत्या आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, परत यायची होती. आमच्याकडे बायका ओळीने रोपं लावतात आणि बांधाकडच्या पहिल्या बाईच्या हातावर अख्खी ओळ चालते. गाणंही तीच उचलते. ती जागा कित्येक वर्षं आत्याची. फोनवर नातवाच्या खोड्या सांगून झाल्या की ती हळूच विचारायची, "बांधाकडं कोन उभी राहनार रे औंदा?" मी म्हणायचो, "मला काय माहीत? मी कुठे लावणी करतो!"

टोकावड्याच्या नाक्यावर मी छत्री घेऊन उभा होतो. मुरबाडहून जीप आली, सगळे उतरले, आत्या बसूनच.

"आत्या, उतर ना."

"माझी जागा दुसरीला दिली असंल तं? त्या घोडंवाल्यावानी व्हायचं माझं."

"अगं, ती गोष्ट आहे!"

"तूच सांगितलीस ना रे?"

ड्रायव्हरने हॉर्न दाबला. "आजी, घाटात येताय का फिरायला?"

मी मनातल्या मनात अख्ख्या आयर्लंडला शिव्या घातल्या. शेवटी आत्याने दाराची दांडी धरली आणि घाबरत घाबरत एक पाय खाली चिखलात टेकवला.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या खाचरातून आमची शेजारीण हातात रोपांची मूठ घेऊन बोंबलली, "कवाधरनं वाट बघतोय गो आमी! तुझ्या जागंवर कोनीच उभी राहत नाय, समदी ओळ वाकडी चाललीय! ये बिगी!"

आत्याने पिशवी माझ्या हातात कोंबली, पदर खोचला आणि मागे वळूनही न बघता बांधाकडे निघाली. ताराच्या दगडाविषयी मी इतके दिवस नुसतं वाचत होतो, त्याचं ओरडणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.