टाकीपलीकडची जागा

आमच्या गावात नळाला पाणी सोडणारा माणूस व्हॉल्व्हपाशी गेला की आधी पान्याने पाइप बडवतो, मोठ्याने खोकतो आणि तरीही लगेच खाली बसत नाही. पाण्याची टाकी आणि तिचा जमिनीलगतचा व्हॉल्व्ह गावाच्या टोकाला आहेत, टाकीमागे थेट जंगल. मी ग्रामसेवक म्हणून नवा आलो होतो. टाकीपलीकडे घरांसाठी जागा द्यावी का, हे बघायला एका सकाळी त्याच्यासोबत गेलो.

"साहेब, माह्याकडं पाठ करून उभे राहा. झाडीकडं पाहा," तो म्हणाला. "वाघ उभ्या माणसाले भेते. वाकला का त्याले तो माणूस वाटतच नाई."

मी उभा राहिलो. झुडपातलं प्रत्येक पान हलल्यासारखं वाटत होतं. न राहवून वळून पाहिलं, तर बसलेला तो जेमतेम माझ्या कमरेएवढा दिसला.

"जागा द्या ना साहेब इथी," उठताना तो म्हणाला. "घरं झाले का माणसं येतीन. रोज एकटा भेऊन राह्यलो मी. पयलं घर मीच बांधतो."

"घरी कोण कोण आहे?"

"बायको, पोरगा, सून. अन् नात. एवढी झाली आता."

त्याने हात माझ्या कमरेशी धरला. मग स्वतःच त्या हाताकडे पाहिलं, झाडीकडे पाहिलं आणि हात पटकन मागे घेतला.

जागेला मी नाही म्हटलं. तो अजून एकटाच जातो. पाइप वाजायचा थांबला की तो खाली बसला, हे मला कळतं. मग नळाला पाणी येईपर्यंत मी दारात उभा राहतो.