लागेल तेवढंच

आमच्या सरांइतकं कमी मागणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. टपरीवर ते फक्त "अर्धा" म्हणत; चहा हा शब्द वाया घालवत नसत. लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला की ताटावर दोन्ही हात आडवे धरून सांगत, "भूक लागली त मीच मांगतो."

शेगावात एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत सर आणि मी, आम्ही दोघंच कामाला होतो. लॉजच्या खोल्या बुक करायची एक वेबसाइट सांभाळायचो. सर रोज नांदुऱ्याहून रेल्वेने येत. साइटचं पहिलं पान मी मोठ्या हौशीने लिहिलं होतं. प्रत्येक लॉजचे फोटो, मालकाची माहिती, जुनी बुकिंगं, सगळं डेटाबेसमधून उपसून आणायचं आणि दाखवायचं काय, तर नाव आणि खोली रिकामी आहे की नाही. पान उघडेपर्यंत स्टेशनवर उतरलेलं कुटुंब रिक्षावाल्याच्या ओळखीच्या लॉजवर पोचून आंघोळी उरकत असे.

सरांनी ते पाहिलं. "पोरी, पावण्यानं पाणी मांगतलं त तू विहीर उचलून आनतं काय?"

शिवाय माझा प्रोग्राम एकेका लॉजची खोली विचारायला डेटाबेसकडे वेगळी चक्कर मारायचा. त्यावर सरांनी कपाळाला हात लावला. "शंभर लॉज, शंभर चकरा! अवं, एकदाच जा, लागते तेवढंच आन. बाकीचं कोनी मांगतलं त मंग." दुपारपर्यंत पान लगेच उघडायला लागलं.

हा नियम ते स्वतःलाही लावत. एका कामासाठी जिना कधी उतरले नाहीत. कुरिअरवाला खालून ओरडायचा आणि सर वरून, "थांब बे, अजून दोन कामं जमू दे!" स्क्रीनवरची अक्षरं त्यांनी इतकी मोठी करून ठेवली होती की एका वेळी चारच ओळी मावत. "लागते तेवढंच दिसावं," म्हणत. मी हसायचे.

मला ते आवडत, कारण ते काही विचारत नसत. गावात ज्याला त्याला माझं सगळं एकदम हवं असायचं: वय, पगार, स्थळं, इंग्रजी शाळेत शिकलेली पोरगी मान खाली घालून काऊन चालते. सर कामापुरतं विचारत, मीही तेवढंच. दोन वर्षं दोन टेबलांवर दोन डबे उघडले. कधी कधी डबा बंद करताना मात्र वाटायचं, आज कुणीतरी विचारावं, भाजी कसली होती.

मग एका सोमवारी सर आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. फोन बंद. माझ्याकडे त्यांचं नाव, नंबर आणि 'नांदुरा' एवढंच होतं. बुधवारी मी गाडीत बसले आणि स्टेशनबाहेर चार जणांना विचारत घर गाठलं. अनोळखी माणसांशी मी इतकं आयुष्यात बोलले नव्हते.

दार सरांनीच उघडलं. डोळ्यावर पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"सर, सांगायचं ना!"

"तू इचारलं कुठं?"

मग मी विचारत सुटले. दुखतं का? औषध कोण घालतं? जेवणाचं काय?

"अवं, काय चकरा मारून राह्यली? एकदाच इचार."

मी थांबले. "सर, कसे आहात?"

त्यावर ते पाऊण तास बोलले. औषधाचा थेंब स्वतःच घालतात. एक डोळ्यात, चार गालावर. बहीण अकोल्याला असते. फोन बघायला डॉक्टरांनी मनाई केली म्हणून तो बंद करून ठेवला, तसंही कुणाचा येणार होता? दिवसभर पडून ते गाड्या ऐकत, आता आवाजावरून ओळखू येत होत्या.

मी निघताना सर दारापर्यंत आले. "आन् तुह्या घरी कोन कोन असते?"

दोन वर्षांत पहिल्यांदाच. गाडीला दहा मिनिटं होती. "सोमवारी कामावर आलात की सांगते," मी म्हटलं आणि जवळजवळ पळत निघाले.

त्या रविवारी बहीण त्यांना अकोल्याला घेऊन गेली. ते परत कामावर आले नाहीत. त्यांच्या स्क्रीनवरची अक्षरं मी अजून लहान केलेली नाहीत.

रविवारी कधी कधी त्यांचा फोन येतो.

"पान उघडते ना लवकर?"

"लगेच उघडतं, सर."

"बरं."

मग ते फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही. मागच्या रविवारी असंच झालं आणि मी एकदम म्हणाले, "सर, घरी आई, बाबा आणि मी."

पलीकडून कुठल्याशा गाडीची शिटी ऐकू आली. मग सर म्हणाले, "आन् बाकीचं?"