नाकवाले मिस्त्री

गाडीत पेट्रोलचा वास आला की लोक नाकवाल्या मिस्त्रींकडेच येत. ते डोळे मिटून हुंगत आणि गळती कुठे आहे ते बोट ठेवून सांगत. तपासायची यंत्रं त्यांना फालतू वाटत. "देवानं नाक काय चष्मा टेकवायला दिलंय?" असं ते वर ऐकवत.

त्या दुपारी एक नर्सबाई तीच तक्रार घेऊन पुन्हा आल्या. "टाकी भरली की मागे वास येतोच. लेक उलट्या करते."

मिस्त्रींनी मागच्या सीटवर वाकून हुंगलं. "काही नाही, बाई. मनाचे खेळ आहेत."

बाई ओशाळल्या. तेवढ्यात मिस्त्रींची बायको डबा घेऊन आली आणि दारातच नाक दाबून थबकली. "अहो, पेट्रोल कुठे सांडलंय?"

मिस्त्रींनी सीट काढली. खाली टाकीतल्या पंपाच्या झाकणाचं रबर चिरलं होतं आणि कडेनं पेट्रोल पाझरत होतं. ओलं बोट त्यांनी नाकाशी नेलं. पाणी असावं तसं वाटलं.

नवं रबर बसवून त्यांनी गाडी दिली, पण बाईंकडे बघायची हिंमत झाली नाही.

"तुला कधी कळलं?" गाडी गेल्यावर त्यांनी बायकोला विचारलं.

"दूध करपून घरभर वास सुटला आणि तुम्ही ओट्याशेजारीच पेपर वाचत बसला होतात, तेव्हाच. तेव्हापासून गॅस मीच दोनदा बघते." तिनं डबा उघडून पुढे सरकवला. "मला वाटलं, गिऱ्हाइकांना तरी सांगितलं असेल."