बीले उलटं करा लागते

"आडनाव काय तुझं?" सरांनी भर वर्गात विचारलं.

मी दहावीत होते. अकोटहून एसटीनं अकोल्याला शिकवणीला यायची. त्या वर्गात चाचणीतल्या गुणांप्रमाणे बसवत आणि पहिला बाक मी कमावला होता. वर्गसमीकरणाचं सूत्र म्हणायला सरांनी मला उभं केलं. मी घरी बोलते तशी बोलून गेले, "आधी बीले उलटं करा लागते." 'बीला'ऐवजी 'बीले' ऐकून वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"मग कशाला एवढा जीव काढतेस? तुम्हा लोकांचं पस्तीस टक्क्यांवर भागतं. मागे जाऊन बस."

मी गेले. मुकाट्यानं गेले, हे लिहितानाही स्वतःचा राग येतो.

सरांनी गणित घातलं. 2x² − 7x + 3 = 0. ए दोन, बी वजा सात, सी तीन. बी वर्ग वजा चार एसी म्हणजे पंचवीस, त्याचं वर्गमूळ पाच. इथवर ठीक. मग सूत्रातला 'वजा बी' आला आणि सरांनी सरळ वजा सात लिहिलं. बी मुळातच वजा सात. वजा बी म्हणजे अधिक सात. उलटं करायचं तेच राहिलं. उत्तरं आली वजा अर्धा आणि वजा तीन. अख्ख्या वर्गानं ती उतरवून घेतली.

माझ्या वहीत अर्धा आणि तीन. आमच्या वस्तीतल्या विहारात एक ताई शिकवायची. उत्तर आलं की ते समीकरणात टाकून बघायची सवय तिची. मी टाकलं. तीननं शून्य आलं. सरांच्या वजा तीननं बेचाळीस.

मी उठले.

"सर, तुमचं उत्तर बसत नाई. बीले उलटं केलं नाई तुमी."

सरांनी फळ्याकडे पाहिलं. मग डस्टर फिरवलं.

"घाईत होतं असं. बस, मागेच बस."

तेव्हा माझं डोकं फिरलं. चूक त्यांची आणि मागे मीच? दप्तर उचललं, पहिल्या बाकावर येऊन बसले.

"हे जागा मी चाचणीत घेतली. मी मागं नाई बसत."

वर्षभर सरांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मीही वर्षभर तिथून हलले नाही.

आता मी अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवते. पोरं चुकतात, मीही चुकते, पुसून पुन्हा लिहिते. पण माझ्या वर्गात येऊन कोणी पोराचं आडनाव विचारून त्याची अक्कल ठरवू लागला, मग तो मुख्याध्यापक असो की संस्थेचा अध्यक्ष, त्याला मी पोरांसमोरच गप्प करीन. नोकरी गेली तरी चालेल.