रजेआधीची अंघोळ

अर्ध्या बादलीनं कुणाचं काय बिघडतं? तुम्ही हा प्रश्न स्वतःला शेवटचा कधी विचारला? मी एकदा विचारला होता. उत्तरही मीच देऊन मोकळा झालो होतो: काही नाही.

वडील चाकणला एका कंपनीत, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये होते. कामगारांची पत्रकं ते लिहायचे आणि शिफ्ट सुटताना गेटवर मी वाटायचो. मोठ्या आवाजात बोलायला मी तिथंच शिकलो. आता दम राहिलेला नाही. जे झालं तेवढंच सांगतो.

पुढं फौजेत गेलो. माझी तिसरी पोस्टिंग लडाखमध्ये होती. सतरा हजार फूट उंची, अकरा जवान, फायबरच्या दोन झोपड्या. नजर जाईल तिथं बर्फ, आणि प्यायला पाणी नाही. पाणी हवं तर बर्फ वितळवायचा, त्यासाठी स्टोव्ह पेटवायचा, स्टोव्हला केरोसीन. जेवण आणि शेकणंही त्यावरच. केरोसीन हेलिकॉप्टरनं यायचं, तेही हवामानाची मर्जी असेल तर.

केरोसीन हवालदार किसन मुळूक यांच्या ताब्यात होतं. चाकणच्या पुढच्या एका गावचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. रोज 17:00 वाजता ते जेरीकॅनमध्ये काठी बुडवून बघायचे आणि आकडा सांगायचे. लिटर कधीच सांगितले नाहीत, किती दिवस पुरेल ते सांगायचे. "धा दिवस." "नऊ दिवस." मग काठी पुसून ठेवायचे.

पोस्टवर एक रिवाज होता. रजेवर निघणाऱ्याला अर्धी बादली गरम पाणी. एरवी अंघोळ नाहीच. उस्तादांची अट होती की हेलिकॉप्टर उडाल्याचा मेसेज आल्यावरच पाणी तापवायचं.

त्या वेळी आम्ही तिघं रजेवर निघणार होतो. आदल्या दिवशी दुपारी मी विषय काढला.

"उस्ताद, उद्या हेलिकॉप्टर आहे. पाणी ठेवू का?"

"मेसेज येऊ दे आधी."

"मेसेजनंतर वेळ कुठं मिळतो? अडीच महिने झाले. आई घरात घेणार नाही."

"घेईल की. लांबूनच वासावरनं वळखंल."

सगळे हसले. मी हट्ट सोडला नाही. "अर्ध्या बादलीनं काय होतंय, उस्ताद?"

त्यांनी रिकामी बादली माझ्याकडे सरकवली. "घ्या, राजे हो," म्हणाले.

आम्ही तिघांनी अंघोळ केली. आदल्या संध्याकाळी त्यांनी "नऊ दिवस" सांगितलं होतं. त्या संध्याकाळी काठी बघून ते म्हणाले, "सात." मधला आठवा दिवस आमच्या अंगावरून वाहून गेला होता. त्यांचा आवाज नेहमीचाच होता.

पहाटे वारा सुटला. 07:00 वाजता रेडिओवर बेसचा, म्हणजे खालच्या तळाचा, आवाज आला: "मौसम खराब. आज उड़ान नहीं. ओव्हर." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वाऱ्यात शेकायलाच जास्त केरोसीन जाऊ लागलं, म्हणून पाणी माणशी चार मगांवरून दोनवर आलं. दोघांनी बर्फ न वितळवता तसाच खाल्ला आणि ते उलट्या करू लागले. सातव्या दिवशी संध्याकाळी स्टोव्ह विझला.

आठव्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं. पोस्टचे प्रमुख असलेल्या आमच्या नायब सुभेदार साहेबांनी बेसला विचारलं.

"फ्लाइट का भरोसा नहीं. अगला मेसेज दोपहर में. ओव्हर."

"दो कॅज्युअल्टी, उलटी बंद नहीं. पानी नहीं है. ओव्हर."

"समझ गया. मॅनेज करो. आउट."

दीड तास खाली जुना कॅम्प होता. तिथं केरोसीनचे दोन जेरीकॅन पुरून ठेवलेले होते. उस्ताद बूट बांधायला लागले. साहेब म्हणाले, "मुळूक, दुपारपर्यंत थांबू."

"ती दोन पोरं दुपारपातुर न्हाई थांबायची, साहेब."

09:10 ला आम्ही तिघं एका दोरावर निघालो. उस्ताद पुढं, मी मधे, मागं आणखी एक जवान. 10:40 ला, कॅम्प थोडा पुढं असताना, उस्तादांच्या पायाखालचा बर्फ खचला आणि ते भेगेत पडले. दोर ताणला, आम्ही धरून राहिलो. वर ओढायला पंचावन्न मिनिटं लागली. त्यांचं डोकं भेगेच्या कडेवर आपटलं होतं. 12:50 ला ते गेले. शेवटी काही बोलले नाहीत. लोक विचारतात, म्हणून सांगतो.

हेलिकॉप्टर 14:20 ला आलं.

आमचा तो एक दिवस शिल्लक असता, तर त्या सकाळी स्टोव्ह पेटला असता. कुणालाच खाली उतरावं लागलं नसतं.

चौकशीत अंघोळीबद्दल कुणी विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं. अधिकाऱ्यांनी पेन थांबवलं. म्हणाले, "वो तो रुटीन है, जवान." लिहून घेतलं नाही.

दोर धरताना मी हातमोजे काढले होते. तीन बोटं गेली, मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं. मग मी उस्तादांच्या गावी गेलो. त्यांच्या पत्नीला, वहिनींना, सगळं सांगितलं, अंघोळीसकट.

"व्हय, दिलंच आसंल त्यांनी," म्हणाल्या. "न्हाई म्हणायला जमायचंच न्हाई त्यांना."

दारासमोरून टँकर गेला. मागोमाग दुसरा. वहिनी म्हणाल्या, "खालच्या हिरीवरनं भरत्यात. आमी हंडा घिऊन जातो तवा गाळ आसतो." मी तिसऱ्या टँकरला हात केला आणि पाणी कुठं जातं ते विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "रहाटणी, काळेवाडी. फोन येईल तिकडं, भाऊ."

मी रहाटणीत राहतो. आमच्या सोसायटीला रोज पाच टँकर लागतात. गाड्या धुतल्या जातात, टाकी भरून वाहते.

मीटिंगमध्ये मी ठराव मांडला, पाचाचे चार करा. सेक्रेटरी भला माणूस आहे. हसून म्हणाला, "एका टँकरनं काय होतंय, राव? इथं मिलिटरी आणू नका." ते वाक्य माझं होतं. ठरावाला चार हात वर झाले, त्यात एक माझा. ठराव पडला.

पुढच्या महिन्यात मी तोच ठराव पुन्हा मांडणार आहे. पण एकट्या आमच्या सोसायटीनं ती विहीर भरणार नाही. तुमच्याही सोसायटीची मीटिंग होत असेल. तिथं उभे राहा आणि एक टँकर बंद करायला सांगा. लोक हसतील, तरी हात खाली घेऊ नका. कुणासाठी, असं कुणी विचारलं तर नाव सांगा: हवालदार किसन मुळूक.